वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कार्यशाळेत स्वयंसेवक म्हणून गेल्यास नवख्याला काय शिकता येतं?

नोंदणीच्या टेबलावर बसू नका, आधीच्या दिवशीचं कापाकापीचं काम मागून घ्या. वीस जणांचे कागद-पुठ्ठे कापले की ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, हाताला कळायला लागतो. कागद न दुमडता दोन्ही दिशांनी वाकवून बघा. जिकडे कमी अडतो, तिकडची वळणरेषा ग्रेनला समांतर. ग्रेन वहीच्या कण्याला, म्हणजे शिवलेल्या कडेला, समांतरच हवा. आडवा गेला तर खळीच्या ओलीने पानं लाटा धरतात आणि वही ताठ राहते.

मग चार-चार ताव एकात एक दुमडून १६ पानी फर्मे (एकत्र शिवायचे गठ्ठे) करा. शिवणीची भोकं पाडताना आरी (टोचा) घडीत ४५ अंशांनी धरा, नाहीतर भोकं घडीबाहेर जातात. शिवताना दोरा कण्याच्या दिशेनेच ओढायचा. सरळ बाहेर ओढला की कागद फाटतो. नवखे हमखास इथेच चुकतात.