आई गेल्यापासून प्रार्थनाच होत नाही. माझा विश्वास संपला आहे का?

तुम्ही लिहिलंय की आई जाऊन सहा महिने झाले. चर्चमध्ये पाय ठेवला की रडू कोसळतं, घरी प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाही आणि घरचीच माणसं म्हणतात, "विश्वास कमी पडतोय." ख्रिस्ती श्रद्धेतून खरंच दिलासा मिळतो का, आणि मिळत असेल तर कसा, असं तुम्ही विचारलंय.

मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. अहिल्यानगरची (आमच्या तोंडी अजून नगरच) निवृत्त शिक्षिका आहे. 2016 च्या नोव्हेंबरात माझे मिस्टर झोपेतच गेले. वय 51. रात्री जेवताना म्हणाले, भाजीत मीठ जरा जास्त झालंय. तेच शेवटचं बोलणं. पुढची दोन वर्षं मला त्या मिठाचं वाईट वाटत राहिलं. दुःखात माणूस कशाला धरून बसेल काही सांगता येत नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, तुमचा विश्वास संपलेला नाही. संपला असता तर प्रार्थना होत नाही याचं तुम्हाला काहीच वाटलं नसतं.

आता माझं सांगते. दर रविवारी उपासनेत सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणतात. लहानपणापासून पाठ, तोंड आपोआप चालतं. पण मिस्टर गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" ही ओळ आली आणि माझे ओठ मिटले. म्हणवेचना. कसली इच्छा? 51 व्या वर्षी? आजूबाजूच्या बाकांवरून ती ओळ ऐकू येत होती. ती संपली आणि पुढची आली, "आमची रोजची भाकर आज आम्हास दे." तिथे मी परत आवाज मिसळला. हे जवळजवळ वर्षभर चाललं. एका ओळीपुरती मी गप्प आणि पुढच्या ओळीला हजर. कुणाच्या लक्षात आलं नसेल, असं मला वाटायचं. पुढे शेजारच्या बाकावरच्या मावशींनी सांगितलं, "तू थांबायचीस ना, तेव्हा मी तुझ्या वाटणीचंही म्हणायचे, जरा मोठ्यांदा."

मला मिळालेला पहिला दिलासा तो. तुमची प्रार्थना तुम्हीच करायला हवी असा काही नियम नाही. काही दिवस दुसऱ्यांना करू द्या.

ह्याच मावशी दर गुरुवारी संध्याकाळी घरी यायच्या. हातात स्टीलचा डबा, त्यात कापडात गुंडाळलेल्या दोन बाजरीच्या भाकरी, मेथीची नाहीतर शेपूची भाजी, आणि ठेचा वेगळ्या वाटीत. बसायच्या, मी जेवेपर्यंत हलायच्या नाहीत. बायबलचं वचन सांगितलं नाही, "धीर धर" म्हटलं नाही. एकदा मी भाकरी तशीच ठेवून रडत बसले, तर त्यांनी भाकरीचा पापुद्रा काढून त्यावर ठेचा लावला आणि माझ्या हातात दिला. बस्स.

त्यानंतर कधीतरी मी बायबलातल्या 'पहिलं राजे' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचला. संडे स्कूलमध्ये शिकवला होता, पण तेव्हा माझं लक्ष आधीच्या अध्यायावर, कर्मेल डोंगरावर देवाने पाडलेल्या अग्नीवर असायचं. त्या अग्नीनंतर एलीया संदेष्टा रानात पळून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की आता पुरे, मला मरण दे. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याच्या तोंडी हे! आणि देव काय करतो? रागावत नाही, विश्वासाबद्दल विचारतही नाही. एलीयाला झोप लागते. देवदूत त्याला हलवून उठवतो, म्हणतो ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो. दुसऱ्यांदा तेच. देवाशी बोलणं होतं ते पुढे चाळीस दिवस चालून गेल्यावर, होरेब डोंगरावर. आधी झोप आणि भाकर. मी तो अध्याय बंद केला आणि मावशींचा रिकामा डबा घासायला घेतला. गुरुवारी परत द्यायचा होता.

प्रार्थना सुचत नसेल तर बायबलातली स्तोत्रं उघडा. 150 आहेत आणि त्यातली एक तृतीयांशाहून जास्त विलापाची, तक्रारीची आहेत. आपल्याकडे तेविसावं आणि एकशे एकविसावंच सारखं म्हटलं जातं, ही माझी जुनी तक्रार आहे. तेरावं वाचा, त्यात माणूस देवाला पुन्हापुन्हा "कोठवर?" असं विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं वाचा. बहुतेक विलापगीतं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधाराच्या शब्दावर संपतं. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. मला त्या स्तोत्राने जो आधार दिला तो कुठल्याही आशादायक वचनाने दिला नाही. मराठी माणसाला तर देवाशी भांडणं नवीन नसावं, तुकोबा आयुष्यभर विठ्ठलाशी भांडले. आमचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून हे भांडणही सोबत आलं असं मी समजते.

"विश्वास कमी पडतोय" म्हणणाऱ्यांबद्दल. बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर.

माझ्याकडेही असा एकजण आला होता, बाहेरगावचा प्रचारक. तोवर डॉक्टरांनी मला नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, झोप परत येत होती. हा म्हणाला, बहीण, गोळ्या बंद करा, सगळं प्रभूवर टाका. मी मूर्खासारखं ऐकलं. तीन आठवड्यांत अशी अवस्था झाली की मुलीला पुण्याहून रजा काढून यावं लागलं. डॉक्टर रागावले, आमचे पाळकसाहेब त्याहून रागावले. म्हणाले, मधुमेहाची गोळी घेताना विश्वास आड येत नाही, मग हीच घेताना का येतो? तेव्हा हे ठळक लिहिलंय असं समजा: झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच 14416 ला फोन करा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. एलीयालाही कुणीतरी हलवून उठवावंच लागलं होतं.

मिस्टर गेल्यावर पाचेक आठवड्यांनी नाताळ आला. फराळ केला नाही, चांदणी लावली नाही. तुमचाही आईविना पहिला नाताळ यायचा असेल. त्या दिवशी घरी एकटं राहू नका, पण आनंदी दिसायची जबाबदारीही घेऊ नका.

त्या काळात मला पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटल्या. केडगाव मुक्ती मिशनच्या. (नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडकडचं.) 1874 मध्ये उपासमारीत आधी वडील आणि मागोमाग आई गेली, मग बहीण, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच नवरा. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1883 चा. म्हणजे श्रद्धा आली ती दुःखं झाल्यावर, आणि आल्यावरही दुःखं थांबली नाहीत. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा बायबलचं मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. लेक गेल्यावर टेबलाशी बसून त्या कुठली ओळ कशी लिहीत असतील, याचा मी पुष्कळदा विचार केलाय.

चर्चमध्ये रडू येतं म्हणून चर्च टाळू नका. मागच्या बाकावर दाराजवळ बसा, म्हणजे उठून जाता येतं. मी तेच करायचे. आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशूही रडला, आणि त्याला तर पुढच्या घटकेला लाजर उठणार हे ठाऊक होतं. प्रार्थनेत एखादी ओळ अडली तर ती सोडा, पुढची धरा.

माझी ती अडलेली ओळ आता म्हणता येते. कधी आली, नक्की आठवत नाही. एका रविवारी म्हणून झाल्यावर लक्षात आलं. आवाज मात्र तिथे अजूनही जरा खालीच जातो, आणि मावशींचा शेजारून जरा वर चढतो. त्या आता 81 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. गुरुवारचा डबा हल्ली मी त्यांच्याकडे नेते. माझ्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही म्हणून बोलणी खाते.