नवीन गाडी घेताना सगळं टचस्क्रीनवर असलेली घ्यावी की बटणांवाली? स्क्रीनमुळे खरंच धोका वाढतो का?

वाढतो. पण स्क्रीन किती इंचाची आहे यापेक्षा गाडी चालू असताना लागणाऱ्या गोष्टी तिच्या मेनूत किती आत नेऊन ठेवल्यात ते बघा. मॅपला आणि रिव्हर्स कॅमेऱ्याला स्क्रीन छानच आहे, अमेरिकेत तर मे २०१८ पासून नवीन गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, म्हणजे डॅशबोर्डवर कुठेतरी पडदा आलाच. मला त्रास आहे तो एसी, वायपर, काचेवरची वाफ घालवणं, आवाज कमी करणं, या असल्या गोष्टी पण त्याच स्क्रीनवर ढकलण्याचा.

गोल नॉब असला की हात आपोआप तिथे जातो, बोटाला कळतं कुठे आहे आणि किती फिरवला, नजर रस्त्यावरच राहते. सपाट काचेवर बोटाला काहीच कळत नाही, मग बघायचं, नेम धरायचा, तेवढ्यात खड्डा आला की बोट भलतीकडेच पडतं, परत बघायचं आणि झालं का म्हणून तिसऱ्यांदा बघायचं. ६० च्या स्पीडला २ सेकंद नजर हटली तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, १०० ला ५५ मीटर. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये गाईडलाईन काढली होती की गाडीतलं कुठलंही काम करताना एक नजर साधारण २ सेकंदांच्या आत आणि सगळ्या नजरा मिळून १२ सेकंदांच्या आत असाव्यात, पण ती कंपन्यांना बंधनकारक नाही.

स्वीडनच्या वी बिलेगारे या कार मासिकाने २०२२ मध्ये एक टेस्ट केली ती मला फार पटते. रिकाम्या धावपट्टीवर ११० च्या स्पीडला ड्रायव्हरला चार साधी कामं दिली, हीटिंग, रेडिओचं स्टेशन, ट्रिप मीटर शून्य करणं, डॅशबोर्डचा उजेड कमी करणं, असली. आधी गाडीची ओळख करून घ्यायला वेळही दिला होता. २००५ ची जुनी व्होल्वो व्ही ७०, सगळी बटणं, तिच्यात हे १० सेकंदांत झालं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात शेवटी आलेल्या एमजी मार्व्हल आर मध्ये ४४.९ सेकंद लागले, १,३७२ मीटर! सव्वा किलोमीटरपेक्षा जास्त. आता याच टेस्टमध्ये डॅशिया सँडेरो १३.५ आणि व्होल्वो सी ४० १३.७ सेकंदांत सुटल्या आणि दोघींना टचस्क्रीन आहे, म्हणून म्हणतो स्क्रीन दिसली की गाडी बाद असं करू नका, मांडणी नीट असेल तर काम भागतं.

मग कंपन्या असं का करतात? खर्च. प्रत्येक बटणाला वेगळा साचा, वेगळी वायर, वेगळी जोडणी, आणि एक स्क्रीन बसवली की ते सगळं सॉफ्टवेअरमध्ये जातं, पुढे अपडेटने बदलता पण येतं. वर शोरूममध्ये उभ्या गाडीत ते झकास दिसतं, तिथे कोणाला रस्त्याकडे बघायचंच नसतं.

आता वारं फिरतंय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. यूरो एनकॅप, म्हणजे गाड्यांना सेफ्टी स्टार देणारी युरोपातली संस्था, तिच्या २०२६ च्या नियमांनुसार इंडिकेटर, हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम लावणं), वायपर, हॉर्न आणि एसओएस (आणीबाणीत मदतीचा कॉल) या पाच गोष्टींना प्रत्यक्ष हाताला लागणारं बटण किंवा दांडी नसेल तर मार्क कापले जातात. हा कायदा नाही, पण पाच स्टार सगळ्यांनाच हवे असतात. फोक्सवॅगनचे डिझाईन प्रमुख आंद्रेयास मिंट यांनीही २०२५ मध्ये सांगितलं की आवाज, दोन्ही बाजूंचं हीटिंग, पंखा आणि हझार्ड यांची बटणं पुढच्या मॉडेलांमध्ये परत येणार. आणि जर्मनीत एका टेस्लावाल्याला पावसात स्क्रीनवर वायपरचा स्पीड बदलताना अपघात झाला म्हणून २०० युरो दंड आणि महिनाभर ड्रायव्हिंगबंदी झाली होती, कार्ल्सरूहच्या वरच्या कोर्टाने २०२० मध्येच ती कायम ठेवली.

व्हॉइस कमांड आहे की, असं सेल्समन हमखास सांगेल. ब्रिटनमध्ये टीआरएल या वाहतूक संशोधन संस्थेने २०२० मध्ये सिम्युलेटरवर अभ्यास केला होता, त्यात कारप्ले (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय, अँड्रॉइड ऑटो तशीच अँड्रॉइड फोनची) टचने वापरताना रिअॅक्शन टाईम ५७ टक्के वाढला आणि अँड्रॉइड ऑटोने ५३ टक्के, आवाजाने वापरलं तर ३६ आणि ३० टक्के. तुलना करायची तर तिथल्या कायद्याच्या मर्यादेइतकी दारू पिऊन तो १२ टक्के वाढतो. म्हणजे बोलून केलेलं बरं, पण डोकं तरीही अडकतंच.

त्यामुळे घ्यायच्या आधी गाडीत बसा, इंजिन बंद, समोर बघत राहा आणि फक्त हाताने वायपर, हझार्ड, समोरच्या काचेची वाफ, पंखा, आवाज एवढं सापडतंय का बघा. स्टिअरिंगवरची बटणं खरी दाबायची आहेत का नुसती स्पर्शाची तेही तपासा, स्पर्शाची असतील तर वळवताना तळहात लागून भलतंच चालू होऊ शकतं. आणि टेस्ट ड्राईव्ह एकदा रात्रीची मागा, स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर येतो का आणि तो कमी करायला किती मेनू उघडावे लागतात हे दिवसा कळतच नाही.