वाचकांचे प्रश्न : लाच आणि मानवी हक्क

प्रश्न : शिधापत्रिकेत सुनेचे नाव चढवण्यासाठी एका कर्मचाऱ्याने माझ्याकडे पाचशे रुपये मागितले. भ्रष्टाचारविरोधी आंतरराष्ट्रीय करारांचा अशा वेळी काही उपयोग होतो का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : थेट नाही. संयुक्त राष्ट्रांचा २००३ चा भ्रष्टाचारविरोधी करार, ज्याला भारताने २०११ मध्ये अनुसमर्थन दिले, तो सरकारांना बांधतो. त्याची कलमे गुन्हे, जप्ती आणि मालमत्तेच्या परताव्याभोवती फिरतात. मानवी हक्कांची भाषा त्यात फारशी नाही, आणि ती उणीवच म्हटली पाहिजे. कारण आपले कुटुंब रेशनचे धान्य मिळणाऱ्या प्राधान्य गटात असेल, तर या अडवणुकीमुळे सुनेच्या वाट्याचे महिना पाच किलो धान्य अडते, म्हणजेच १९६६ च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारातील अन्नाचा हक्क डावलला जातो. तक्रारदाराच्या संरक्षणाचा (कलम ३३) आणि नुकसानभरपाईचा (कलम ३५) विचार मात्र भ्रष्टाचारविरोधी करारात आहे.

तूर्त पैसे देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा. नाइलाजाने दिलेच असतील, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनुसार सात दिवसांत तक्रार करणे आवश्यक आहे, अन्यथा देणाराही गुन्हेगार ठरू शकतो.