ती घाबरत का नाही?

ताई,
माझी मुलगी सात वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास, असल्याचं सांगितलं. अभ्यासाचं मला फारसं वाटत नाही, मला काळजी आहे ती तिच्या जिवाची. तिला कशाचीच भीती वाटत नाही. एकदा खुर्ची ओढून गॅलरीच्या कठड्यावर जाऊन बसली होती. गेल्या आठवड्यात रस्त्यापलीकडे कुत्र्याचं पिल्लू दिसलं आणि माझा हात सोडून सुसाट पळाली. गाडीवाल्याने कसाबसा ब्रेक दाबला. मी तिला तिथेच मारलं. ‘रस्ता ओलांडताना काय करायचं?’ असं दरडावून विचारलं, तर रडत रडत सगळं बरोबर सांगितलं. थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, हात धरायचा. म्हणजे कळतं, तरीही करते! नातेवाईक म्हणतात, लाडावलीय, एकदा चांगली अद्दल घडू दे. बायको म्हणते, औषध सुरू करू या. मला ते पटत नाही. तिला भीती शिकवायची तरी कशी?
– एक बाप

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय: कळतं, तरीही करते. नातेवाइकांना त्यात लाड दिसतात. मला त्यात एडीएचडी दिसतो. नियम तिला पाठ आहे. पिल्लू दिसल्याच्या क्षणी तो नियम तिच्या पायांपर्यंत वेळेत पोचत नाही, एवढंच. तुमच्या-माझ्या डोक्यात ‘पळावं’ आणि ‘थांब’ हे दोन्ही जवळजवळ एकदमच उठतात. तिच्या बाबतीत ‘थांब’ उठतं तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध असते. भीतीही तिला वाटते, पण नंतर. तिचं ते रडणं नुसत्या माराचं नसणार.

हे मी मनाचं सांगत नाही. २००७ साली अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो मुलांच्या मेंदूचे एमआरआय तपासले. मेंदूचं बाहेरचं आवरण वाढत्या वयात जाड होत जातं आणि एका टप्प्यानंतर पातळ होऊ लागतं. इतर मुलांच्या बाबतीत या आवरणाच्या निम्म्या भागाने हा टप्पा साधारण साडेसातव्या वर्षी गाठला होता, तर एडीएचडी असलेल्या मुलांच्या बाबतीत साडेदहाव्या. वाढीचा क्रम तोच होता, पण उशिरा, आणि सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जिथे स्वतःला आवरण्याचं काम चालतं. रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ पालकांना एक ढोबळ हिशेब सांगतात: स्वतःला आवरण्याच्या बाबतीत या मुलांचं वय साधारण तीस टक्क्यांनी कमी धरा. म्हणजे तुमची सात वर्षांची लेक बोलायला, वाचायला, वाद घालायला सात वर्षांचीच आहे, पण रस्त्याच्या कडेला ती पाच वर्षांची. बोलणं चुरचुरीत असल्यामुळे आपण तिथेच फसतो. पाच वर्षांच्या मुलीला तुम्ही ‘आता मोठी झालीस’ म्हणून बोट सोडू दिलं असतं का?

म्हणून भीती शिकवायच्या भानगडीत पडू नका. माराने जी भीती बसते ती गाडीची नसते, तुमची असते. अशी मुलं हळूहळू लपवायला शिकतात, पडल्याचं, लागल्याचं, काहीतरी गिळल्याचंसुद्धा. उंचावरून पडलेल्या मुलीने घरी येऊन ते सांगणं हे तुम्हाला कितीतरी जास्त मोलाचं आहे. ‘त्या दिवशी मी फार घाबरलो होतो, म्हणून मारलं. तसं करायला नको होतं,’ एवढं तिला सांगा आणि विषय सोडा, त्याला व्याख्यान जोडू नका. आणि ‘अद्दल घडू दे’ म्हणणाऱ्यांना विचारा, रस्त्यावरची अद्दल किती वेळा घेता येते?

तिचा आतला लगाम तयार होईपर्यंत तो बाहेर असायला हवा. घरात, दारात, तुमच्या हातात.

गॅलरीपासून सुरुवात करा. वरची कडी पुरणार नाही, खुर्ची ओढण्याइतकी ती हुशार आहे हे तुम्हीच लिहिलंय. कुलूपच लावा. किल्ली मात्र मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा ठरलेल्या जागी ठेवा, आग लागली तर त्याच दाराची गरज पडू शकते. खुर्च्या, स्टूल, कुंड्या, जुने खोके असं चढता येण्यासारखं काहीही गॅलरीत नको, आणि घरातल्या खिडक्यांखालीही पलंग नको. ग्रिलच्या गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी असावं, आणि गज उभे असावेत. आडवे गज म्हणजे या मुलांसाठी शिडीच. डासांच्या जाळीवर विसंबू नका, ती मुलाच्या वजनाने निघून येते. बाहेरच्या दाराला उघडताना वाजणारी साधी घंटा लावा. गोळ्या, लायटर, रिमोटमधल्या बटणाएवढ्या बॅटऱ्या कुलपात. उंच फडताळ हे तिच्यासाठी आव्हान आहे, कुलूप नव्हे.

रस्त्यावर तिचं बोट धरू नका, मनगट धरा. ओढायचं नाही, नुसतं धरायचं. ती आतल्या बाजूला, तुम्ही वाहनांच्या बाजूला. आणि नियम सांगायचा तो घरी रात्री जेवताना नाही, रस्त्याच्या कडेला, पाऊल टाकायच्या आधी, तिच्या उंचीला वाकून, एका वाक्यात. ‘इथे हात धरायचा. तू सांग, काय करायचं?’ दर वेळी, प्रत्येक रस्त्याला. कंटाळा येईल, तिला नव्हे, तुम्हाला. ओलांडून झालं की तिथल्या तिथे कौतुक: ‘पूर्ण वेळ हात धरलास!’ संध्याकाळी मिळणारं बक्षीस तिच्या हिशेबात फार लांबचं असतं. ‘नीट वाग’ हा शब्दप्रयोग तर घरातून हद्दपारच करा, त्यातून कुठल्याही मुलाला काय करायचं ते कळत नाही.

याच्या जोडीला एक खेळ. एक शब्द ठरवा, ‘स्टॅच्यू’ चालेल, जो ऐकला की असेल तिथे गोठायचं. मोकळ्या, बंदिस्त मैदानात ती पळत असताना खेळा, तिलाही तुम्हाला गोठवू द्या. तो शब्द रागावताना कधीही वापरायचा नाही. पुढे तिच्याच तोंडून ‘जर-तर’ची वाक्यं बनवून घ्या: ‘जर पिल्लू दिसलं, तर मी बाबांचा हात घट्ट दाबणार.’ पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी अशा ठरावांवर बरंच काम केलंय आणि एडीएचडी असलेल्या मुलांनाही स्वतःला थांबवण्यात त्यांचा उपयोग झालेला दिसलाय. कारण ‘पळू नकोस’ यात करायला काही नसतं, ‘हात दाब’ यात असतं. मात्र मैदानात पन्नास वेळा गोठली म्हणून रस्त्यावर मनगट सोडायचं नाही.

अपघात बहुधा सांध्यावर होतात. घरातून निघताना, गाडीतून उतरताना, पाहुणे आल्यावर, फोन वाजल्यावर. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि बघत कुणीच नसतं. तुम्ही दोघांनी मोठ्याने बोलून ताबा द्यायची सवय लावा. ‘आता तुझ्याकडे.’ ‘हो, माझ्याकडे.’ समोरून ‘हो’ येईपर्यंत नजर काढायची नाही.

नुसती दारं बंद करून मात्र भागायचं नाही. तिला उंची आणि वेग हवाच आहे, तो तिने चोरून घेण्यापेक्षा तुम्ही द्या. जिम्नॅस्टिक्स, दोर बांधून भिंत चढणं, पोहणं. शिक्षक निवडताना एकच बघा: तिथे रांगेत किती वेळ उभं राहावं लागतं? रांग लांब असेल तर शिक्षक कितीही नावाजलेले असोत, तुमच्या कामाचे नाहीत. पोहायला आलं तरी पाण्याजवळ हाताच्या अंतरावर तुम्ही हवेतच, बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही. सायकलवर हेल्मेट तिच्याही डोक्यावर आणि तुमच्याही.

आता औषधाबद्दल. इथे मी तुमच्या पत्नीच्या बाजूला थोडी जास्त झुकते आहे. २०१५ साली डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एडीएचडीचं औषध घेणाऱ्या मुलांमध्ये, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, दुखापतींचं प्रमाण ४३ टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे ही गोळी फक्त वर्गात गप्प बसवायला नसते, जी काळजी तुम्हाला झोपू देत नाही तिच्याशीही तिचा संबंध आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१९चं मार्गदर्शन असं आहे की सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण, आणि सहाच्या पुढे औषध व वर्तनोपचार दोन्ही. तुमची मुलगी सात वर्षांची आहे. भूक मंदावणं, झोप लांबणं असे त्रास होऊ शकतात, वजन-उंची आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं, डोस बदलावा लागतो. गोळीचा असर बहुधा काही तासांचाच असतो, त्यामुळे ती उतरल्यावरही कुलूप लागतंच. आणि त्या गोळ्याही कुलपातच ठेवायच्या.

निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा, मी डॉक्टर नाही. पण पत्नीला एकटीला पाठवून घरी बसून ‘मला पटत नाही’ म्हणू नका. दोघं जा. त्याआधी दोन आठवडे एक वही करा: जीव टांगणीला लागला असा प्रत्येक प्रसंग, वेळ, जागा, तिच्याजवळ कोण होतं, ती भुकेली किंवा पेंगुळलेली होती का. डॉक्टरांना ‘फार धडपडी आहे’ यापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडेल, आणि कदाचित वाचताना तुम्हालाच दिसेल की निम्मे प्रसंग एकाच वेळेला घडतायत.

आणखी एक, जरा खासगीतलं. एडीएचडी घराण्यात उतरतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. तुम्ही सातव्या वर्षी कसे होतात, हे घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. उत्तर हसत हसत आलं, तर तेही डॉक्टरांना सांगा.