वाचक विचारतात: घरचं सांडपाणी आणि जलपर्णी

प्रश्न: नमस्कार. आम्ही सुदामानगरला राहतो, घरात चार माणसं. किचनचं आणि कपडे धुतलेलं पाणी ड्रेनेजमध्ये जातं आणि इकडे बागेला आम्ही नळाला येणारं नर्मदेचं पाणी घालतो, जीवावर येतं हो. मागच्या अंगणात छोटा हौद बांधून त्यात जलपर्णी सोडली तर पाणी साफ होईल का? कोणीतरी सांगितलं की ती सगळी घाण शोषून घेते. — एक वाचक, इंदूर

उत्तर: ताई, विचार एकदम बरोबर आहे, फक्त जलपर्णी नको. ती घाण शोषते हे खोटं नाही, 1970च्या दशकात नासाच्या लोकांनी अमेरिकेत मिसिसिपीला तिच्यावर सांडपाणी साफ करून दाखवलं होतं, पण तिथे ती ठरावीक वेळाने काढून टाकायची सोय होती आणि खरी गोम तिथेच आहे. जलपर्णीला खायला मिळालं की दोनेक आठवड्यात दुप्पट होते, हौद गच्च भरतो, खालची पानं सडतात आणि जेवढं शोषलं तेवढं सगळं परत पाण्यात, वर डास ते वेगळेच. आणि पावसाळ्यात वाहून नाल्यात गेली की पुढे तलावात पोचणार. आपला सिरपूर तलाव आणि यशवंत सागर 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेत, तिथे हे संकट आपल्या हातून जायला नको असं मला अगदी मनापासून वाटतं.

त्यापेक्षा गिट्टीचा, म्हणजे खडीचा वाफा करा, सांडपाणी त्यातून झिरपत साफ होतं. दोन फूट खोल, साधारण माणशी एक चौरस मीटर धरा म्हणजे तुमच्याकडे चारेक चौरस मीटर. तळाला जाड प्लास्टिक किंवा सिमेंट हवंच, कारण आपली काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की पाणी कुठे गेलं कळणार नाही. दोन्ही टोकांना मोठे दगड, मधे बारीक गिट्टी, तळाला किंचित उतार, आणि बाहेर जायचा पाइप असा वाकवा की पाणी गिट्टीच्या वरच्या थरापासून तीनेक इंच खालीच राहील. हे सगळ्यात महत्त्वाचं, वर पाणी दिसलंच नाही तर डास अंडी घालणार कुठे? वाफ्याच्या आधी एक छोटी टाकी बांधा, तेलाचा तवंग आणि भाताची शितं तिथे अडकतील, ती दर आठवड्याला साफ करायची, नाहीतर गिट्टी चोंदते आणि मग अख्खी उपसावी लागते.

झाडं म्हणाल तर कर्दळ, पाणकणीस, वेखंड, वाळा. यातली बरीचशी सफाई झाड करतच नाही बरं का, मुळांवर आणि गिट्टीवर जो बुळबुळीत थर धरतो त्यातले जिवाणू करतात, पाणकणसासारखी झाडं आपल्या पोकळ देठांमधून हवा खाली मुळांपर्यंत नेतात म्हणून त्या जिवाणूंचं फावतं. साबण आणि खरकट्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस मात्र काही प्रमाणात झाड स्वतः घेतं, त्यामुळे वाढलेली कर्दळ वेळच्या वेळी कापून बाहेर काढायची. ब्लीच किंवा अॅसिड या पाण्यात अजिबात नको, जिवाणूच मरतील. आणि संडासचं पाणी इकडे वळवू नका, ते ड्रेनेजलाच जाऊ द्या.

हे काही परदेशातलंच नाहीये, इथे उज्जैनला रवींद्रनगरमध्ये विक्रम विद्यापीठाच्या संशोधकांनी नरकट (पाण्याकाठचं उंच, बांबूसारखं गवत) लावून असाच गिट्टीचा वाफा वस्तीच्या सांडपाण्यावर चालवून बघितला होता, 1990च्या दशकात. आपली कान्ह नदी पुढे जाऊन उज्जैनच्या शिप्रेलाच मिळते, म्हणून मला त्या कामाचं फार कौतुक आहे.

प्रश्न: भाचा सांवेर रोडला क्रोम प्लेटिंगचं काम करतो. त्याच्या पाण्याला हे चालेल?

उत्तर: नाही, त्याला स्पष्ट नाही सांगा. खरकटं कुजून संपतं, क्रोमियम संपत नाही, ते गिट्टीत नाहीतर झाडात जाऊन बसतं आणि मग कापलेलं झाडच विषारी कचरा होतं. त्याच्या पाण्याला आधी केमिकल देऊन क्रोमियमचं रूप बदलायचं, मग चुना घालून त्याचा गाळ खाली बसवायचा, आणि तो गाळ घातक कचरा म्हणूनच द्यायचा.

प्रश्न: आमच्या मोरीच्या पाण्यावर अळू झकास येतो. त्याच्या वड्या केल्या तर?

उत्तर: साध्या मोरीच्या कडेला पिढ्यानपिढ्या अळू लावतात, तिथे फक्त आंघोळीचं, भांड्यांचं पाणी जात असेल तर पानं नीट धुऊन आणि चांगली शिजवून खाता येतात. पण नाल्याच्या काठचा अळू, तिथे कोणाचं काय पाणी येतं ठाऊक नसतं, तो कितीही हिरवागार दिसला तरी आणू नका, शिजवून जंतू मरतात, शिसं आणि कॅडमियम तसंच राहतं. वाफ्यातल्या पाण्यावर कोथिंबीर, मुळा असलं कच्चं खायचं काही लावू नका, फुलझाडं आणि लिंबू-पेरूला खुशाल द्या, फक्त बुंध्याशी, पानांवर फवारा न मारता.