मोजणारे आणि ठरवणारे : ओझोन करारावरचे तुमचे प्रश्न

प्रश्न : पुरावा पक्का झाला की सरकारं शास्त्रज्ञांचं ऐकतात, असं आम्हाला वर्गात शिकवतात. खरंच असं होतं का? (विद्यार्थिनी, नाशिक)

ओझोनच्या बाबतीत तरी सरकारं पक्क्या पुराव्यासाठी थांबली नाहीत. क्लोरोफ्लोरोकार्बन (सीएफसी) वायू ओझोनचा थर खातील, हा रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलंड यांचा इशारा १९७४ चा. अंटार्क्टिकावरचं छिद्र तिथल्या हॅली संशोधन केंद्रावरच्या नोंदींतून ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जाहीर केलं. पण छिद्र याच वायूंमुळे पडलं का, यावर १९८७ मध्येही वाद होता. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानं थेट छिद्रात शिरून मोजमापं घेत होती. त्यांचे निकाल यायच्या आत, १६ सप्टेंबरला, माँट्रियलमध्ये या वायूंच्या कपातीच्या करारावर सह्या झाल्या.

मला या करारातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते सहावं कलम. निदान दर चार वर्षांनी तज्ज्ञांनी नव्याने आढावा घ्यायचा आणि देशांनी त्यावरून कपात तपासायची, असं त्यात लिहिलं आहे. म्हणूनच १९८७ ची निम्म्या कपातीची अट १९९० मध्ये लंडनला संपूर्ण बंदीपर्यंत गेली. या बंदीची २००० ची मुदतही कोपनहेगनला, १९९२ मध्ये, विकसित देशांसाठी १९९६ वर आणली गेली. यादीत आधीच असलेल्या रसायनाची कपात वाढवायला प्रत्येक देशाची नव्याने मंजुरी घ्यावी लागत नाही. विज्ञान पुढे गेलं की करारालाही पुढे जाता यावं, याची सोय करारातच आहे.

प्रश्न : मी एसी दुरुस्त करतो. एसीतला आर-२२ वायू चालला, आता आर-३२ वरही गदा येणार म्हणतात. त्याने तर ओझोनला धक्का लागत नाही ना? (पिंपरी)

नाही लागत, तुमचं बरोबर आहे. पण तो वायू पृथ्वी तापवतो. क्लोरोफ्लोरोकार्बनचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या रेणूपेक्षा हजारो पट उष्णता अडवतो, हे तमिळनाडूत जन्मलेल्या वीरभद्रन रामनाथन यांनी १९७५ मध्येच दाखवलं होतं. आर-३२ त्यामानाने बराच सौम्य, तरी कार्बन डायऑक्साइडच्या कित्येकशे पट आहेच. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने असे वायूही करारात आले. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली; आपली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. त्यामुळे उद्या तुमचं काम बंद पडणार नाही. मात्र पुढे प्रोपेन, म्हणजे आर-२९०, वाढेल आणि तो पेट घेतो. त्याचं प्रशिक्षण तुमच्यापर्यंत पोहोचलं नाही, तर हा करार कागदावर कितीही सुंदर असला तरी तुमच्या जिवाशी खेळ होईल.

प्रश्न : एखाद्या देशात चोरून उत्पादन सुरू झालं तर कळतं कसं? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

हवेतून. २०१८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की सीएफसी-११ या बंदी घातलेल्या वायूचं हवेतलं प्रमाण पूर्वीच्या वेगाने घटत नाही. कुठेतरी तो नव्याने सुटतोय. सगळ्या देशांच्या अहवालांत तर उत्पादन शून्य! पुढच्याच वर्षी कोरियातल्या गोसान आणि जपानमधल्या हातेरुमा केंद्रांच्या नोंदींवरून वाऱ्याचा माग काढत शास्त्रज्ञ पूर्व चीनपर्यंत, मुख्यतः शांदोंग आणि हबेई प्रांतांपर्यंत, पोहोचले. चीनने कारवाई केली आणि उत्सर्जन पुन्हा उतरलं. उरलेला वायू कुठून येत होता, ते मात्र नीट सांगता आलं नाही, कारण जगाच्या मोठ्या भागात आसपास असं केंद्रच नाही. नवे करार करण्याइतकाच पैसा या केंद्रांवर खर्च व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : मग हवामान बदलाबाबत हेच का जमत नाही? (ठाणे)

सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि त्यांना पर्याय सापडले. कोळसा आणि तेल सगळ्या अर्थव्यवहारात मुरलेलं आहे. शिवाय ओझोन करारात एकमत झालंच नाही, तर दोन तृतीयांश मतांनी कपात वाढवता येते, अट एवढीच की विकसित आणि विकसनशील अशा दोन्ही गटांत बहुमत हवं. हवामान परिषदेत मतदानाचा नियम सुरुवातीपासून मसुद्यातच अडकला आहे, म्हणून तिथे प्रत्येक वाक्य सगळ्यांच्या सहमतीने पुढे सरकतं.