गेम विकत घेणं सोडून फक्त सबस्क्रिप्शनवर, म्हणजे दरमहा वर्गणी भरून, राहिलं तर चालेल का? आणि सगळ्याच कंपन्या अचानक याच्या मागे का लागल्या आहेत?

तुम्ही लिहिलंय की वर्षाला चार-पाच गेम विकत घेता, त्यातले निम्मे अर्धवट पडून राहतात, आणि मित्र म्हणतो की एका नव्या गेमच्या पैशात काही महिने शेकडो गेम मिळत असताना विकत कशाला घेतोस. मित्राचा हिशोब चुकीचा नाही, अपुरा आहे. एखादा गेम संपायला किती तास लागतात आणि तेवढे तास तुमच्या हाताशी कधी असतात, हे त्याने धरलेलंच नाही. मी हे पैसे घालवून शिकलो, म्हणून आधी तेच सांगतो.

एका सबस्क्रिप्शनवर (नाव घेत नाही, सगळीकडे हेच चालतं) मी एक मोठा रोल-प्लेइंग गेम (गोष्टीतलं एक पात्र होऊन खेळायचा) खेळत होतो. एक्केचाळीस तास झाले होते. एका संध्याकाळी अ‍ॅप उघडलं तर गेमच्या चित्रावर कोपऱ्यात बारीक पट्टी: लवकरच जाणार. तारीख पाहिली, बारा दिवस उरले होते. मग सुरू झाली धावपळ. रात्री साडेदहा ते दीड, रोज. वाटेत भेटणाऱ्या माणसांशी बोलणं बंद केलं, संवाद आला की बटण दाबून पुढे, बाजूच्या मोहिमा सगळ्या सोडून दिल्या. ज्या गोष्टींसाठी तो गेम मला आवडला होता, नेमक्या त्याच मी उडवत होतो. शेवटच्या रात्री शेवटच्या बॉसच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या शत्रूच्या, दारापर्यंत पोचलो आणि सहा वेळा मेलो. सकाळी पाहिलं तर चित्रावर कुलूप. सेव्ह फाइल, म्हणजे कुठवर खेळलो त्याची नोंद, तशीच होती, गेम मात्र उघडत नव्हता. तीन आठवड्यांनी सेलमध्ये तोच गेम विकत घेतला, आणि मी बरोबर त्याच दारात उभा होतो. म्हणजे एकाच गेमचे पैसे दोनदा भरले, वर बारा रात्रींची झोप गेली ती वेगळीच.

त्यानंतर बसून हिशोब काढला. चौदा महिन्यांत एकसष्ट गेम डाउनलोड केले होते, संपवले पाच. त्यातले दोन तर चार-चार तासांचे होते. चार महिने असे निघाले की त्यात मी काहीच खेळलो नव्हतो, पैसे मात्र वेळेवर कापले गेले होते. जिमची वर्गणी भरून घरी बसणारे आणि आपण, एकाच माळेचे मणी.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हे 'अचानक' मुळीच नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत सेगा या गेम कंपनीची सेगा चॅनल नावाची सेवा सुरू झाली. कन्सोलमध्ये (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रात) जिथे गेमची कार्ट्रिज बसते त्या खाचेत एक अ‍ॅडॉप्टर बसवायचा, त्याला केबल टीव्हीची वायर जोडायची, पडद्यावर यादी यायची. गेम निवडला की तो वायरीतून अ‍ॅडॉप्टरच्या मेमरीत उतरायचा. महिन्याला पन्नासच्या आसपास गेम, आणि यादी बदलत राहायची. कन्सोल बंद केला की गेम मेमरीतून पुसला जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवा. १९९८ मध्ये ती सेवा बंद पडली. कल्पना तीच होती, पण नेट, साठवणुकीची जागा आणि दरमहा आपोआप पैसे कापले जाण्याची सवय, यातलं काहीच तेव्हा घरोघरी नव्हतं.

पुढे सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलसाठी प्लेस्टेशन प्लस ही वर्गणी २०१० मध्ये आली. २०१४ मध्ये ईए या गेम कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलवर आपल्या गेमची सबस्क्रिप्शन सेवा म्हणून ईए अ‍ॅक्सेस काढलं, तेव्हा आमच्या ग्राहकांना यात पुरेसा फायदा दिसत नाही असं म्हणून सोनीने ते नाकारलं. पाच वर्षांनी तेच प्लेस्टेशनवर आलं, हा भाग वेगळा. जून २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने शंभरहून अधिक गेमसह एक्सबॉक्स गेम पास सुरू केला, महिना ९.९९ डॉलर. तोवरही ही जुन्या गेमची लायब्ररीच होती, कुणी फार मनावर घेतलं नाही. खरी कलाटणी जानेवारी २०१८ मध्ये मिळाली. आमच्या स्वतःच्या स्टुडिओंचे नवे गेम पहिल्याच दिवशी गेम पासवर येतील, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. त्या मार्चमध्ये 'सी ऑफ थीव्ह्ज' तसाच आला. दुकानात साठ डॉलरला असलेला नवाकोरा गेम दहा डॉलरच्या वर्गणीत! मग रांगच लागली. २०१९ या एका वर्षात अ‍ॅपल आर्केड, युबिसॉफ्ट या गेम कंपनीची सेवा आणि नेटवरूनच गेम चालवणारं गुगलचं स्टेडिया, तिन्ही आली. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सनेही वर्गणीदारांना मोबाइल गेम द्यायला सुरुवात केली.

मायक्रोसॉफ्टलाच ही घाई का होती, हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. कन्सोलच्या शर्यतीत एक्सबॉक्स वन हा प्लेस्टेशन ४ च्या बराच मागे पडला होता. त्यातून कन्सोल विकून हाती काही लागत नाही. २०२१ मध्ये गेम कंपनी एपिक विरुद्ध अ‍ॅपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्स कन्सोलच्या विक्रीवर त्यांनी कधीच नफा कमावलेला नाही. पैसा येतो गेममधून. पण मोठा गेम बनवायला चार-पाच वर्षं लागतात आणि विक्रीचा मोठा वाटा पहिल्या काही आठवड्यांत येऊन जातो. गेम पडला की पाच वर्षं पाण्यात. याउलट वर्गणी म्हणजे दर महिन्याला ठरलेली आवक, भागधारकांना दाखवायला सरळ चढती रेघ, आणि माझ्यासारखे चार-चार महिने काही न खेळता पैसे भरणारे तर बोनसच.

या रेघेसाठी त्यांनी खर्चही तसाच केला. बेथेस्डा या गेम स्टुडिओची मूळ कंपनी झेनिमॅक्स साडेसात अब्ज डॉलरला, ती २०२१ मध्ये ताब्यात आली. मग अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम कंपनी ६८.७ अब्ज डॉलरला. तो सौदा जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला आणि ब्रिटन-अमेरिकेतल्या नियामकांशी झगडत ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा झाला. त्या चौकशीतून एक कामाची गोष्ट बाहेर आली. मायक्रोसॉफ्टने ब्रिटिश नियामकाला स्वतःच सांगितलं होतं की गेम पासवर आल्यानंतरच्या बारा महिन्यांत त्या गेमची विक्री घटते, असं आमच्या अंतर्गत अभ्यासात दिसतं. सबस्क्रिप्शनमुळे विक्रीही वाढते, असं तोवर आपण ऐकत आलो होतो.

मग गेम बनवणाऱ्यांचं काय होतं? बाहेरच्या स्टुडिओंशी एकच एक ठरलेला करार नसतो. कुणाला गेम बनवायचा सगळा खर्च आधीच मिळतो, कुणाला ठोक रक्कम, कुणाला किती खेळला गेला त्यावर. छोट्या स्टुडिओसाठी आधी मिळणारी ठोक रक्कम म्हणजे खरंच जीवदान असतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. आणि गेम मुळात दमदार असेल तर विक्रीही होते. 'पालवर्ल्ड' जानेवारी २०२४ मध्ये पहिल्याच दिवशी गेम पासवर होता, तरी महिनाभरात स्टीम या कम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात त्याच्या दीड कोटी प्रती विकल्या गेल्या. २०२५ मधला 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३' हाही पहिल्या दिवसापासून गेम पासवर होता आणि तीन दिवसांत दहा लाखांवर खपला.

पण दुसरी बाजू मला जास्त खुपते. 'हाय-फाय रश' हा गेम जानेवारी २०२३ मध्ये आधी कुठलीही जाहिरात न करता एके दिवशी थेट गेम पासवर आला. लोकांनी डोक्यावर घेतला, बक्षिसं मिळाली, मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी तो सगळ्या कसोट्यांवर यशस्वी असल्याचं जाहीर सांगितलं. आणि मे २०२४ मध्ये तो बनवणारा टँगो गेमवर्क्स हा मायक्रोसॉफ्टच्याच मालकीचा स्टुडिओ बंद करायचं ठरलं. (नंतर एका कोरियन कंपनीने तो उचलला.) फक्त प्रतीच विकायच्या असत्या तर निदान आकडा तरी समोर असता: इतक्या खपल्या, इतका खर्च झाला. वर्गणीत एका गेमने किती माणसं आणली आणि किती टिकवली हे फक्त सेवा चालवणाऱ्याला माहीत, आणि बनवणाऱ्याने ते मुकाट ऐकायचं. 'बाल्डर्स गेट ३' करणाऱ्या लॅरियनचे प्रमुख स्वेन विंके यांनी २०२४ च्या सुरुवातीला हाच मुद्दा मांडला होता. सबस्क्रिप्शनचंच राज्य आलं तर कुठला गेम बाजारात यावा हे मूठभर लोक ठरवतील, म्हणून आमचे गेम तिथे दिसणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आता दर. गेम पास अल्टिमेट हा सगळं एकत्र देणारा प्लॅन २०१९ मध्ये १४.९९ डॉलरला निघाला. २०२३ मध्ये १६.९९, २०२४ मध्ये १९.९९ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट २९.९९. सहा वर्षांत बरोबर दुप्पट. २०२४ ची दरवाढ करताना कन्सोलचा जुना प्लॅन नव्या ग्राहकांना बंद केला आणि त्याच्या जागी जो आणला त्यातून पहिल्या दिवशी नवा गेम मिळण्याची सोयच काढली, म्हणजे ज्या आमिषाने लोक आत आले नेमकं तेच. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. पण यात मला फार मोठा कट वगैरे दिसत नाही, माणसं मिळायची थांबली की असंच होतं. जानेवारी २०२२ मध्ये अडीच कोटी वर्गणीदार, फेब्रुवारी २०२४ मध्ये ३.४ कोटी. वाढ मोठी दिसते, पण मधल्या काळात एक्सबॉक्स लाइव्ह गोल्ड या ऑनलाइन खेळण्यासाठीच्या जुन्या वर्गणीचे सगळे सभासद गेम पासच्या सर्वांत खालच्या पायरीवर आणून मोजले गेले होते. नवीन माणसं येईनात, तेव्हा आहेत त्यांच्याकडूनच जास्त घ्यायचं.

सोनीने २०२२ मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या तीन पायऱ्या केल्या, पण स्वतःचे मोठे नवे गेम पहिल्या दिवशी त्यात टाकायचे नाहीत हे कायम ठेवलं. तेव्हा ते अडेलतट्टूपणाचं वाटलं होतं, आज ते जास्त शहाणे ठरलेत असं माझं मत आहे.

"मग विकतच घेतो, निदान आपला तरी होईल" असं म्हणाल तर तिथेही जरा थांबा. डिजिटल गेम विकत घेता तेव्हा बहुतेक वेळा फक्त परवाना घेता. 'द क्रू' हा रेसिंग गेम लोकांनी रोख मोजून घेतला होता. २०२४ मध्ये युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि तो एकट्याने खेळायलाही उरला नाही. स्टेडिया जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं तेव्हा गुगलने लोकांनी तिथे विकत घेतलेल्या गेमचे पैसे परत केले, हे त्यातल्या त्यात सभ्य उदाहरण. डिस्कवर पूर्ण गेम मिळत असेल आणि नेटशिवाय चालत असेल, तर तेवढा मात्र खरोखर तुमचा.

आता तुम्ही काय करावं. तुमचे गेम अर्धवट का राहतात ते आधी पाहा. कंटाळा येऊन सुटत असतील तर सबस्क्रिप्शन तुमच्यासाठीच आहे. दोन तासांत सोडून दिलेला गेम तिथे टोचत नाही. चार ते दहा तासांचे छोटे गेम तर तिथेच खेळावेत, मला गेल्या काही वर्षांतले सगळ्यात आवडते दोन गेम तसेच सापडले, पैसे मोजून मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. घरात लहान मुलं असतील तर प्रश्नच मिटला, त्यांना रोज नवं लागतं. पण वेळ पुरत नाही म्हणून अर्धवट राहत असतील, तर साठ-ऐंशी तासांचा गेम वर्गणीवर सुरूच करू नका. तो सेलमध्ये घ्या आणि सहा महिने चवीने खेळा. एकाच ऑनलाइन गेममध्ये मित्रांबरोबर रमत असाल तर हे सगळं तुमच्यासाठी नाहीच.

एक फसवी जागा सांगून ठेवतो. वर्गणीतल्या गेमचा वाढीव भाग, म्हणजे डीएलसी, बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो. उद्या मूळ गेम यादीतून गेला की तो भाग तुमच्याकडे राहतो, पण चालवायचा कशावर? डिसेंबर २०२४ मध्ये 'फोर्झा होरायझन ४' विक्रीतून आणि गेम पासवरूनही काढला, तेव्हा डीएलसी घेतलेल्या वर्गणीदारांना मूळ गेम फुकट देण्याची व्यवस्था केली होती. पण दरवेळी कुणी एवढं करेल या भरवशावर राहू नका. एरवी कंपनीचे स्वतःचे गेम यादीत बराच काळ टिकतात, बाहेरून आणलेले ठरावीक मुदतीचे असतात. मोठा गेम सुरू करण्याआधी तो कुणाचा आहे एवढं पाहिलं तरी माझ्यासारख्या बारा रात्री वाया जाणार नाहीत.

आणि घ्याल त्याच दिवशी, पैसे भरल्यावर पाच मिनिटांत, ऑटो-रिन्यू बंद करा. महिना तरीही पूर्ण मिळतो. माझं आता असंच चालतं. वर्षातून तीन महिने चालू, बाकी बंद. खेळायचे असलेले सात-आठ छोटे गेम कागदावर जमले की महिनाभराचे पैसे भरतो. या घटकेला कागदावर चारच नावं आहेत, म्हणून सध्या बंद.